जखम ओली आहे तोवर

तार

मंगळवारी तार आली. पोस्टमनने ती मामंजींच्या हातात दिली. मामंजींना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी ती माझ्याकडे दिली. मी वाचली. माझे यजमान सरहद्दीवर गोळी लागून जखमी झाले होते आणि त्यांना मागे इस्पितळात नेले होते.

मामंजी म्हणाले, "कुठं लागली?"

"पायाला."

"फुडून का मागून?"

तारेत ते लिहिलेले नव्हते. तसे मी सांगितले. माझे सासरे मागच्या मोठ्या लढाईतून हवालदार होऊन परतलेले. ते म्हणाले, "फुडूनच आसनार," आणि डोक्याला मुंडासे गुंडाळून वाडीत सांगायला गेले. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले नाही. "जिता हाय ना? येवडाच सांग गो," म्हणाल्या.

मी होय म्हटले. तेव्हा ते खरे होते.

ज्यांच्या घरी माणूस जखम घेऊन परत आला आहे, अशा बायकांसाठी मी हे लिहिते आहे. मला वैद्यक येत नाही. आम्हाला जे कोणी सांगितले नाही तेवढेच सांगणार आहे. माझे वडील शाळामास्तर होते. रागात असताना लेखणी धरू नये, असे त्यांनी मला शिकवले. म्हणून मी थांबले. राग उतरेल म्हणून वाट पाहिली. तो उतरला नाही, तेव्हा आता रागातच लिहिते.

खाट

मामंजी आणि मी आंबा घाटातून मोटारीने कोल्हापूरला आणि तिथून आगगाडीने पुण्याला गेलो. लष्करी इस्पितळ म्हणजे कौलारू लांबलचक बराकी. लोखंडी खाटा, लाल घोंगड्या, फिनेलचा वास आणि त्याच्याखाली दुसरा एक वास. तो कशाचा, हे मला नंतर रोजच्या कामातून कळले.

तिथे मलमपट्टीचे सामान चाकांच्या गाड्यावर आणत. एक चाक कुरकुरत असे. ते कुरकुरणे ऐकू आले की सगळा वॉर्ड मोठमोठ्याने बोलायला लागे. कोणी थट्टा करी, कोणी गाणे म्हणे. गाडा ज्या खाटेशी थांबे तिथला माणूस तेवढा गप्प होई. हे मला म्हणाले, "बघ, वरात आली." (आमच्यात नवऱ्याचे नाव घेत नाहीत. आता ते नसताना घ्यायचे, हे मला जमत नाही. मी 'हे'च लिहिते.)

जखम मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा खाटेचा गज धरला. गुडघ्याखाली नडगीत भोक होते आणि त्यातून पाणी येत होते. एवढेच लिहिते.

"पुस्तकात नसतं गो हे, मास्तरीण," हे म्हणाले. लग्नाआधी मी मुलींच्या शाळेत शिकवीत असे आणि लग्नानंतरही सासऱ्यांच्या परवानगीने शिकवीत होते. म्हणून हे मला मास्तरीण म्हणत. रागावले की मास्तरीणबाई.

तिथला मोठा डॉक्टर मेजर होता. वयस्क, तोंडाचा फटकळ, हाताचा हलका. मामंजींनाही कळावे म्हणून त्याने दुभाष्यामार्फत आम्हाला सांगितले, की गोळीने हाडाचे तुकडे झाले आहेत. एक मेलेला तुकडा काढला, दुसरा खोल आहे. तो आताच उकरला तर पाय जाईल. वर्षभराने तो आपोआप सुटा होईल. "तेव्हा इथेच आणा. मीच काढीन. तोवर रोज धुवा." आणि कसे धुवायचे ते त्याने स्वतः माझे हात धरून शिकवले. सून म्हणून मी संकोचले. मामंजींनी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिले. त्या मेजरचे उपकार मी विसरणार नाही.

भत्ता

सरहद्दीवर असलेल्या शिपायाला पगारावर लढाईचा भत्ता मिळतो. जीव धोक्यात घातल्याचा तो मोबदला. मला वाटले होते, गोळी लागली म्हणजे तो बंद होणार. यांनीच खाटेवर पडून समजावले.

"नाय. सरकारनं सवलत ठेवलीय. जखम ओली हाय तोवर मानूस लढाईवरच धरायचा. म्हंजे मी हितं निजून लढतोय."

"आणि पगार?"

"भत्ता चालू म्हंजे नाव चालू. नाव चालू म्हंजे इस्पितळ फुकट, औषध फुकट, घरी यायजायचा पास. दर वर्षाला तपासणी. साहेब बघनार, ओली का सुकी."

मला हा नियम तेव्हा फार समंजस वाटला. अजूनही वाटतो. ज्याने तो लिहिला त्याला जखम म्हणजे काय ते ठाऊक असले पाहिजे. माझे भांडण नियमाशी नाही.

घरी

घरी आणल्यावर मी शाळा सोडली. सकाळी कडुनिंबाच्या पानांचे पाणी उकळायचे, निववायचे, पट्टी भिजवून सोडवायची. कोरडी ओढली तर नवी कातडी निघून येते. मग धुणे, पावडर, नवी पट्टी. जुन्या पट्ट्या उकळून कातळावर उन्हात. त्या वाळत असताना दगडी गडगा ओलांडून जाणारे लोक मान वळवीत. पहिल्या महिन्यात मला त्याची लाज वाटे. पुढे वाटेनाशी झाली.

जखम सांभाळणाऱ्या बाईने एक गोष्ट शिकावी. वास ओळखावा. रोजचा वास वेगळा आणि बिघडल्याचा वेगळा. डोळ्यांना कळायच्या आधी नाकाला कळते.

वेदनेपेक्षा घरातल्या कुरबुरींनी जास्त थकवा येतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. सुंगटांनी, म्हणजे कोलंबीने, जखम चिडते, असे शेजारणीने सांगितल्यापासून आत्याबाईंनी घरातली मासळीच बंद केली. यांना तर दुसरे काही गोड लागत नसे. एकदा यांनी भाताचे ताट लोटले. "गोळी मारली त्या पठानानं, उपाशी मारतेय आय!" आत्याबाई रडत उठल्या आणि गणपतीपुळ्याला नवस बोलून आल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी बांगडे खाल्ले. जखमेला काही झाले नाही.

अधूनमधून हाडाची कुसळे बाहेर येत. हे ती बशीत ठेवायला लावीत आणि आलेल्यागेलेल्याला दाखवीत. "दात येतायत बग माज्या पायाला." मामंजींना असले विनोद आवडत नसत. जखमी शिपायाने ताठ बसावे आणि विचारले तर बरे आहे म्हणावे, असे त्यांचे मत. हे तसेच करीत. परक्यासमोर कधी कण्हले नाहीत. ज्या दिवशी ताप चढे त्या दिवशीही कोणी अंगणातून विचारले, "कसा काय, शिपायानू?" तर आतून आवाज येई, "एकदम ठीक!"

या एका शब्दाबद्दल मला पुढे लिहायचे आहे.

तपासणी

आमच्या वाडीत पुष्कळ घरांतला एकेक माणूस पलटणीत गेलेला. साहेबासमोर जायचे असेल तर आमच्याकडे माणसाला नवरदेवासारखा तयार करतात. न्हावी येतो. मिशीला तेल लागते. इस्त्रीचे कपडे काढतात, बूट तोंड दिसेपर्यंत घासतात. घरातली बाई ओवाळते. का, असे कोणी विचारीत नाही. वाडीची अब्रू त्या माणसाबरोबर साहेबापुढे उभी राहते, असे सगळे धरून चालतात.

तपासणी रत्नागिरीला, एका सरकारी बंगल्यात होती. निघायच्या सकाळी मामंजींनी आपल्या हाताने यांच्या पायावर लोकरीच्या पट्ट्या बांधल्या. शिपाई घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळतात त्या. आतला ओलावा वर येऊ नये म्हणून घट्ट.

मी म्हटले, "मामंजी, साहेबाला जखम दिसायला हवी ना?"

"साएबासमोर घान घेऊन जायाचा? सून शिकलेली हाय, पन पलटनीत नव्हती."

मी यांच्याकडे पाहिले. हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे गो. कागद हायत ना पुन्याचे. साहेब वाचील. दोन घटका उभा ऱ्हातो."

डोलीने आम्ही कातळाचा सडा उतरून मोटाररस्त्यावर आलो आणि मोटारीने रत्नागिरीला. बंगल्याच्या अलीकडे मामंजींनी यांची काठी काढून माझ्याकडे दिली.

ओसरीवर दहाबारा माणसे बसली होती. त्यात लांज्याकडचा गणू म्हणून एक होता. त्याच्या बोटाला कधीकाळी गोळी चाटून गेली होती. त्याने बोटावर बिब्बा चोळून घेतला होता. हात सुजून टम्म, वर चिंधी, आणि तो भिंतीला टेकून असा कण्हत होता की ऐकवेना.

एकजण म्हणाला, "गणू, काल तर नारळ सोलीत व्हतास!"

"काल तपासनी नव्हती," गणू म्हणाला आणि पुन्हा कण्हू लागला. सगळे हसले. हे तर पोट धरून हसले.

मामंजी हसले नाहीत. "शिपाय हायस का भिकारी?"

"दोनी हाय, हवालदारानू. तुमी बैलबाजारातली रीत हितं आनलीत. बाजारात लंगडा बैल झूल घालून उभा करत्यात, जास्त पैका यावा म्हनून. हितं उलटा हाय. पोराच्या त्या पट्ट्या सोडा."

"तोंड सांबाळ!" मामंजी म्हणाले.

नाव पुकारले. दार उघडे होते, मला ओसरीवरून दिसत होते. हे काठीशिवाय आत गेले, टाचा जुळवल्या, सलाम ठोकला. साहेब तरुण होता. टेबलावर कागदांची चळत होती. पुण्याचे कागद त्यातच असणार. त्याने वरचा तेवढा उलटला.

"कैसा है, जवान?"

"ठीक है, साब!"

"दर्द?"

"नहीं, साब!"

"चलके दिखाओ."

हे भिंतीपर्यंत चालत गेले आणि परत आले. कवायतीवर चालतात तसे. साहेब खुर्चीतून उठला आणि त्याने यांचा हात हातात घेतला. "शाबास," म्हणाला. शेजारच्या कारकुनाने काही लिहिले.

पट्टी सोडायला कोणी सांगितले नाही.

बाहेर आंब्याखाली मी ती सोडली. आत मोजा रक्ताने आणि पुवाने चिकटला होता. यांच्या ओठावर दातांचे व्रण होते. तरी चेहरा फुललेला. "साहेबानं हात दिला बाबांनू," हे मामंजींना म्हणाले. मामंजींच्या डोळ्यांत पाणी होते. अभिमानाचे.

सुकी

महिन्याभराने कागद आला. जखम बरी झाली, भत्ता बंद. मामंजी म्हणाले, दुसऱ्या कोणाचा कागद आला असेल. नाव यांचेच होते. गणूचा भत्ता चालू राहिला. मला त्याचा हेवा नाही. त्याला सरकार कळले होते.

यांनी कागदाची घडी करून उशाखाली ठेवली. मग म्हणाले, "मास्तरीण, लढाई सपली. जिकलो म्हनं आपन."

मी अर्ज केला. सगळी हकीगत लिहिली, पुण्याच्या डॉक्टरचे म्हणणे लिहिले. उत्तर आले, की पुढची तपासणी पुढल्या वर्षी, आणि आपल्याला वेदना नाहीत असे शिपायाने स्वतःच सांगितले आहे.

स्वतःच सांगितले आहे! मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. अठराव्या वर्षी यांना पलटणीत घेतले आणि त्या दिवसापासून एकच उत्तर शिकवले. पाऊस असो, उपास असो, शेजारचा माणूस मेलेला असो, साहेबाने विचारले की 'ठीक है, साब'. दुसरे उत्तर दिले तर शिक्षा. अशी इतकी वर्षे घोटून घेतल्यावर तेच उत्तर त्यांच्यावर पुरावा म्हणून लावले. मी मुलांना पाढे शिकवले आहेत. पाठ करून घेतलेली गोष्ट मूल म्हणते तेव्हा ते त्याचे मत नसते, हे कोणत्याही मास्तरला कळते. त्या साहेबाला कळत नव्हते असे मी मानीत नाही. पट्टी सोडायला मला रोज जेवढा वेळ लागे तेवढा त्याला द्यायचा नव्हता.

पावसाळ्याच्या तोंडावर वास बदलला. मला कळले. दोन दिवसांनी ताप आला. मेजर म्हणाला होता तो खोलातला तुकडा आता सुटा झाला होता आणि बाहेर यायला वाट शोधत होता. आम्ही पुण्याला निघालो. घाटात मोटारीच्या प्रत्येक धक्क्याला हे म्हणत, "ठीक हाय, ठीक हाय," आणि मी त्यांना म्हटले, "पुन्हा हा शब्द बोलू नका." तेवढी एकदाच मी त्यांच्यावर ओरडले. ते हसले. "बरं, मास्तरीणबाई. दुकतंय. लय दुकतंय." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून ते ऐकले.

इस्पितळाच्या फाटकावर कारकुनाने यादी पाहिली. नाव नव्हते.

"हा बरा झालेला आहे."

"यांना ताप आहे. पाय बघा."

"बाई, मी डॉक्टर नाही. कागदावर बरा आहे. बऱ्या माणसाला आत कसा घेऊ?"

"मेजर डॉक्टरांना सांगा. त्यांनीच बोलावले होते."

"साहेबांना असे निरोप देता येत नाहीत."

मी चिठ्ठी लिहून दिली. ती आत गेली की नाही, मला माहीत नाही. टांग्यातून मला त्या बराकीची कौले दिसत होती. मेजर तिथेच होता, हे टांगेवाल्याने सांगितले. मामंजी फाटकाशी उभे होते, छातीवर जुनी पदके लावून. त्यांना कोणी बसा म्हटले नाही. दुपार झाली तेव्हा यांनी मला हाक मारली. "चल गो. फाटकावर नको मरन."

रत्नागिरी

परत आणून रत्नागिरीच्या मुलकी इस्पितळात ठेवले. तिथल्या डॉक्टरने आधी पट्टी सोडली आणि मग नाव विचारले. पाय पाहून त्याने मराठीत एक शिवी दिली. ती शिवी मला त्या सगळ्या दिवसांत मिळालेल्या कोणत्याही धीराच्या शब्दापेक्षा बरी वाटली. त्याने पाय मांडीतून कापला. हे तयार झाले होते. "अर्धा ऱ्हायलो तरी चालंल," म्हणाले. पण विष वर चढले होते.

तिथे झाडलोट करणारी एक म्हातारी होती. मी भिंतीशी बसून असे. ती येता-जाता माझ्यापुढे पेजेचा वाडगा ठेवी आणि न बोलता उभी राही, मी पिईपर्यंत. आत्याबाई देवापुढे बसल्या होत्या, मामंजी इस्पितळाच्या पायरीवर. एकमेकांकडे पाहायचे आम्ही तिघांनी सोडले होते.

शेवटच्या दिवशी डॉक्टरने यांना विचारले, "कसं वाटतं?" यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "वाईट." हे शेवटचे बोलणे.

बायकांना

तुमच्या माणसाला साहेब विचारील तेव्हा तो खरे सांगेल, यावर विसंबू नका. त्याला ते येत नाही. तपासणीला त्याला घरच्या कपड्यात न्या. काठी त्याच्या हातात असू द्या. तुम्ही आत जा. अडवतील, तरी जा. जखमेवरचे फडके स्वतः सोडा आणि ती बघितल्याशिवाय हलू नका. वाडी नावे ठेवील. ठेवू द्या.

मामंजी

त्यानंतर कितीतरी दिवस मी मामंजींशी बोलले नाही. ताट वाढीत असे, पाणी ठेवीत असे, शब्द नाही. त्यांनीही मागितला नाही. त्या घट्ट पट्ट्या त्यांनी बांधल्या होत्या आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

गेल्या मार्गशीर्षात मामंजींच्या स्वतःच्या पेन्शनीची हजेरी होती. ते एकटेच रत्नागिरीला गेले. कपडे घरचेच, धोतर आणि बंडी. न्हाव्याला बोलावले नव्हते. मी पाहिले, पण विचारले नाही. परत आले ते माझ्यासमोर येऊन उंबऱ्यावर बसले.

"तोच साएब व्हता," म्हणाले. "कैसा है हवालदार, म्हनला. मी बोललो, माजा पोर मेला. तू त्याचा पाय बगितलास नाय."

मी हातातले काम ठेवले.

"मग?"

"कारकून बोलला, सलाम करा आनि जा. मी केला नाय. तसाच आलो." मुंडासे काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "अठ्ठावीस वर्सांत पयल्यांदा."

मी आत जाऊन चहा टाकला आणि त्यांना विचारले, "साखर जास्त घालू का?" ते म्हणाले, "घाल गो बाय."

आता घरात आत्याबाई आहेत, मामंजी आहेत, मी आहे. मी पुन्हा शाळेत जाते. मामंजींवरचा माझा राग गेला. दुसरा आहे.